लग्न हे औषध नाही

"डॉक्टरसाहेब, एकदा लगन लावून देतो याचं, मंग येते ठिकाणावर."

कन्हानमध्ये इतकी वर्षं प्रॅक्टिस करतोय, पण हे वाक्य ऐकू आलं नाही असं एकही वर्ष गेलं नाही. कधी ते दारू पिणाऱ्या मुलासाठी असतं, कधी फिट्स येणाऱ्या मुलीसाठी. आणि अधूनमधून, केबिनचं दार नीट लागलंय ना हे बघून, अगदी खालच्या आवाजात, ते अशा मुलासाठी असतं ज्याने घरी सांगून टाकलंय की मला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही. किंवा अशा मुलीसाठी, जिने पाचवं स्थळ नाकारलंय आणि जिच्या मोबाइलमध्ये मैत्रिणीचे मेसेज सापडलेत.

लग्नाने दारू सुटत नाही आणि फिट्स थांबत नाहीत, हे आता बऱ्याच जणांना पटलंय. मुलगा किंवा मुलगी समलैंगिक असेल तर मात्र लग्न हाच इलाज, यावर आपला अजून पक्का विश्वास आहे. गंमत अशी की हेच लोक पुढच्या वाक्यात म्हणतात, "दोन पुरुषांचं लग्न? लग्नसंस्थेची काय थट्टा लावली आहे!" म्हणजे मुलाला मनाविरुद्ध बोहल्यावर चढवून एका अनोळखी मुलीचं आयुष्य पणाला लावलं तर ती थट्टा नाही. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना ओळखून, मनापासून लग्न करायचं म्हटलं तर ती थट्टा.

या ब्लॉगवर मी सहसा शुगर, बीपी, थायरॉइडबद्दल लिहितो. आजचा विषयही माझ्या मते आरोग्याचाच आहे. पण आज मी तटस्थ राहणार नाही, हे आधीच सांगतो.

आधी आजाराचा मुद्दा संपवू. आई-वडील जाड फाइल घेऊन येतात. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, क्वचित मेंदूचा एमआरआयसुद्धा काढलेला असतो. रिपोर्ट नॉर्मल असतात, कारण शोधण्यासारखा आजार तिथे नसतोच. टेस्टोस्टेरॉन खूप कमी झालं तर कामेच्छा कमी होते, हे खरं. पण ओढ कोणाकडे आहे ते हार्मोन ठरवून देत नाही. इंजेक्शन दिलं तर फार तर इच्छा वाढेल. ओढ जिकडे आहे तिकडेच राहील. जवळपास ४ लाख ७७ हजार लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'समलैंगिकतेचा जीन' असा एकही सापडला नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आणि बाकी इतर घटक, असं चित्र दिसलं. उंचीचं, स्वभावाचंही असंच असतं. त्याला आपण आजार म्हणत नाही.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. आपल्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की माणसाची लैंगिक ओढ बदलण्याचे 'उपचार' करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे कोणी डॉक्टर "सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो" म्हणत असेल, तर त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. आमच्या पिढीने फॉरेन्सिकच्या पुस्तकात हा विषय विकृतींच्या धड्यात वाचला, परीक्षेत तसाच लिहिला. २०२४ मध्ये नव्या अभ्यासक्रमात त्यातला काही मजकूर पुन्हा शिरला होता. टीका झाली आणि काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. डॉक्टरांच्या डोक्यातूनही हे जायला वेळ लागतोय, तर घरच्यांना एकट्यांना दोष कशाला द्या?

मात्र हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच मराठीतलं एक प्रकरण माहीत करून घ्यावं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. वाचक त्यांना हस्तमैथुनाबद्दल, समलैंगिक संबंधांबद्दल प्रश्न विचारत आणि ते शास्त्राच्या आधाराने, न लाजता उत्तरं छापत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. वाचकाला प्रश्न पडलाय आणि मासिक याच विषयाला वाहिलेलं आहे, तर उत्तर द्यायचं नाही का, असा साधा मुद्दा त्यांनी मांडला. हॅवलॉक एलिससारख्या तज्ज्ञांचे दाखले दिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. दीक्षाभूमीच्या शहरापासून आपण तासाभराच्या आत राहतो. बाबासाहेबांच्या आयुष्यातला हा प्रसंग मात्र आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत असतो.

आता दुसरा, जास्त आवडता मुद्दा: "लग्न अनादिकाळापासून असंच चालत आलंय."

खरंच असंच? शब्दांपासून बघा. 'विवाह' म्हणजे वाहून नेणं, मुलीला घेऊन जाणं. 'लग्न' हा तर ज्योतिषातला शब्द. मुहूर्ताच्या वेळी उगवणारी रास म्हणजे लग्न. आपण मुहूर्ताचं नाव समारंभाला दिलं आणि मग समारंभाचं नाव सगळ्या आयुष्याला.

महाभारतच लग्नाला अनादि म्हणत नाही. आदिपर्वात पांडू कुंतीला श्वेतकेतूची गोष्ट सांगतो. श्वेतकेतूच्या आईला एक परका ब्राह्मण वडिलांसमोर हाताला धरून घेऊन जातो. मुलगा चिडतो. वडील, उद्दालक ऋषी, म्हणतात, रागावू नकोस, ही जुनीच रीत आहे. श्वेतकेतूला ते मान्य होत नाही आणि तो पती-पत्नीच्या निष्ठेची मर्यादा घालून देतो. म्हणजे लग्न ही एका माणसाने संतापून, विचार करून केलेली व्यवस्था आहे, असं ग्रंथच सांगतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहिताना अशाच प्राचीन कथा पुरावा म्हणून वापरल्या. आणि पांडू ही गोष्ट कुंतीला का सांगतोय? तर त्याला स्वतःला मूल होऊ शकत नाही, तिने दुसऱ्याकडून पुत्र मिळवावा म्हणून तिचं मन वळवतोय! आजच्या कुठल्या 'संस्कारी' घरात हा संवाद चालेल?

मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार आहेत. त्यातला राक्षसविवाह म्हणजे मुलीच्या नातेवाइकांना मारून, तिला रडत-ओरडत उचलून नेणं. पैशाच म्हणजे झोपलेल्या किंवा नशेतल्या मुलीशी केलेला संग. त्यांची निंदा तिथेच केली आहे, पण नाव 'विवाह'च. आज यासाठी तुरुंग आहे. त्याहून जुन्या बाबिलोनमध्ये, हम्मुराबीच्या सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या कायद्यात, करार केला नसेल तर ती बायकोच नव्हे असं कलम आहे. माणसाचं बाळ फार परावलंबी जन्माला येतं, त्याला वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. म्हणून एकत्र राहणं लग्नापेक्षा जुनं. शेती आली, जमीन आली, ती कोणाकडे जाणार हा प्रश्न आला, आणि मग लग्नाचे नियम घट्ट होत गेले. प्रेम, जन्मोजन्मीचं नातं वगैरे मजकूर पत्रिकेवर नंतर आला.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या मध्य प्रांतातल्या गोंड समाजात लमसेनाची रीत होती: पैसा नसलेला मुलगा होणाऱ्या सासऱ्याकडे काही वर्षं राबायचा आणि मग लग्न व्हायचं. महाराष्ट्रात कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत असे आणि त्यावर 'पाटदाम' नावाचा करही होता. त्याच वेळी काही जातींत विधवेचं केशवपन होत होतं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक घरांत हक्काचं मानतात. कन्हानहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसा, सकाळी जिथे उतराल तिथे हेच लग्न बहीण-भावाचं म्हणून अंगावर काटा आणेल. हिंदू विवाह कायद्यात ते निषिद्ध नात्यात येतं, पण रूढी असेल तर चालतं. (डॉक्टर म्हणून विचाराल तर मला त्याचीच जास्त काळजी वाटते. सिकलसेल, थॅलेसेमिया विदर्भात आहेच; नात्यात लग्न करणार असाल तर आधी तपासणी करून घ्या.)

आणि रखमाबाई. हे नाव डॉक्टरांनी तरी विसरू नये. अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठी झाल्यावर तिने नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने, मग तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोग. ती म्हणाली, कैद चालेल. पुढच्या वर्षी २,००० रुपयांवर तडजोड झाली. ती लंडनला गेली, डॉक्टर झाली, परत येऊन सुरतेत बायकांवर उपचार करत राहिली. त्या वेळी लोकमान्यांसकट मोठमोठी माणसं तिच्या विरोधात होती, आणि कारण काय होतं? ती लग्नसंस्था बुडवणार! चारच वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा आला. शरीरसंबंधासाठी मुलीचं वय दहावरून फक्त बारा केलं. बारा! कोवळ्या मुलींच्या जखमा बघणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी सरकारला निवेदन दिलं होतं. तरीही टिळकांनी कायद्याला विरोध केला. धर्मात हात घालू नका, हेच म्हणणं. आज एकोणीस वर्षांची मुलगी गरोदर म्हणून आली तरी मी तिच्या आईला विचारतो, "एवढी घाई काय होती?" आणि कोणालाही मी धर्मबुडवा वाटत नाही.

एकपत्नीत्व तरी सनातन असेल? मुंबई प्रांताने हिंदूंमधली दोन लग्नं १९४६ च्या कायद्याने बंद केली. आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे तो कायदा आपल्याला लागू नव्हता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा देशभर लागू झाला आणि मग ती सगळीकडेच बंद झाली. तुमच्या घरात आजोबांच्या दोन बायकांचा फोटो असेल तर तो याच 'अनादि' काळातला आहे.

"पण लग्न मुलांसाठी असतं," असा तिसरा मुद्दा येतो. मग ज्यांना मूल होणार नाही हे आधीच माहीत आहे त्यांची लग्नं आपण का लावतो? गर्भाशय काढलेल्या विधवेने साठीत लग्न केलं तर आपण पेढे खातो. गर्भनलिकेच्या टीबीने मूल न झालेल्या कितीतरी जोडप्यांचा संसार मी बघितलाय, आणि त्यांच्या संसाराला अर्धवट म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही. कायदाही म्हणत नाही. वंध्यत्व हे घटस्फोटाचं कारण नाही.

आता कायदा आज कुठे आहे ते थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलैंगिक संबंध वगळले. त्यामुळे गुन्हा नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्यात पुरुष-स्त्रीऐवजी दुसरं काही वाचणं न्यायालयाचं काम नाही. ते संसदेनं करावं. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी निदान अशा जोडप्यांच्या नात्याला मान्यता द्यावी असं म्हटलं, पण ते दोघे अल्पमतात राहिले. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. कायदा करणं संसदेचं काम, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच की मग संसद ते करणार कधी? शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ मध्ये अशा लग्नाची नोंद झाली. थायलंडमध्ये २०२५ पासून कायदाच झाला. तिथल्या इतर लोकांचे संसार मोडल्याचं मी काही ऐकलं नाही.

आणि हे मुंबई-दिल्लीचे चोचले नाहीत. २०१७ च्या डिसेंबरमध्ये यवतमाळला दोन पुरुषांनी नातेवाइकांसमोर लग्नाचा समारंभ केला. २०२१ च्या शेवटी नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी जाहीरपणे अंगठ्या घातल्या, घरच्यांच्या साक्षीने. बातम्या देशभर झाल्या. पण या समारंभांनी आपल्या कायद्यापुढे त्या जोडीदाराला कुठलं नातं मिळालं? काहीच नाही.

हे 'काहीच नाही' दवाखान्यात कसं दिसतं ते मी सांगतो. माणूस बेशुद्ध होऊन येतो. जीव वाचवण्याचे उपचार आम्ही कोणाच्याही सहीविना सुरू करतो, करायलाच हवेत. पण ऑपरेशन, व्हेंटिलेटर, खर्च असे प्रश्न आले की काउंटरवर विचारतात, "पेशंटचे कोण तुम्ही?" दहा वर्षं एका घरात राहिलेला माणूस म्हणतो, "मित्र." मग सहीसाठी गावाहून तो भाऊ बोलावला जातो ज्याने दहा वर्षं फोन केलेला नाही. किडनी द्यायची असेल तर जवळच्या नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी आहेत. हा जोडीदार परका ठरतो आणि त्याला समितीपुढे उभं राहावं लागतं. माणूस गेला तर? आपल्याकडे खाणीत काम करणारी घरं पुष्कळ आहेत, त्यांना विचारा. कोळसा खाण पेन्शन योजनेत नवऱ्यामागे बायकोला पेन्शन मिळते. ती नावावर नसती तर त्या घराचं काय झालं असतं, हे त्यांना कळतं.

थोड्या सोयी झाल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला बंदी नाही. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात द्यावं, असं आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकते, तो नातेवाईक असण्याची अट नाही. २०२३ पासून वैद्यकीय इच्छापत्रही सोपं झालंय: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. ज्यांना गरज आहे त्यांनी हे कागद आजच करून ठेवावेत. पण बाकीच्या नवरा-बायकोला जे एका नोंदणीने मिळतं, ते या लोकांनी तुकड्यातुकड्यांत गोळा करत का फिरावं? विशेष विवाह कायद्यात दोन सज्ञान व्यक्तींची नोंद करा. कोणाच्या मंदिरात, मशिदीत, विहारात लग्न लावा असं कोणी म्हणतच नाही.

शेवटी त्या मुलीबद्दल, जिचा या वादात कोणी विचार करत नाही. 'सुधारेल' म्हणून लग्न लावलेल्या मुलाची बायको. वर्ष-दोन वर्षांनी ती माझ्यासमोर बसलेली असते, सासूसोबत. तक्रार: मूल होत नाही. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. नवऱ्याची तपासणी करायला घर तयार नाही. सासूला बाहेर बसवून विचारलं की कळतं, संबंधच आलेला नाही. आणि ती समजून बसलेली असते की आपल्यातच काही कमी आहे. तिला झोप नाही, तिचं वजन उतरलंय. तो मुलगाही सुखात नसतोच. त्याचे चोरून संबंध असतील तर तपासणी नाही, कंडोम नाही, आणि संसर्ग झाला तर तो हिच्यापर्यंत येतो. अशा लग्नात फसवणूक झाली असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं. मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून वकिलाकडे जायला वेळ लावू नका.

आणि आई-वडिलांनो, मुलाने सांगितलं तर त्या दिवशी काहीही ठरवू नका. मारहाण नको, बाबा-बुवा नको, नातेवाइकांची बैठक तर नकोच. तो जेवतोय का, झोपतोय का, एकटा-एकटा राहतोय का, मरणाचं बोलतोय का, एवढं बघा. तसं वाटलं तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. बदलण्यासाठी नाही, त्याच्या नैराश्यासाठी. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नागपुरात सारथी ट्रस्ट आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट या संस्था याच विषयावर काम करतात. तुम्हाला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तर माझ्याकडे दुपारी, ओपीडीची गर्दी ओसरल्यावर या. मुलाला आणलंच पाहिजे असं नाही.